दासनवमीच्या पाणपोईसाठी आवाहन

॥ जय जय रघुवीर समर्थ ॥

सप्रेम नमस्कार. माघ वद्य प्रतिपदा तोंडावर आली. सज्जनगडावर नवमीपर्यंत समर्थ रामदासांच्या पुण्यतिथीचा उत्सव, आणि पायऱ्यांवर नेहमीच्या जागी आपली पाणपोई. गाडी कितीही वर आली तरी शेवटी पायऱ्या चढाव्याच लागतात, आणि उन्हं चढली की दगड तापतात.

1676 साली समर्थ गडावर राहायला आले. त्यांचे शिष्य कल्याणस्वामी त्यांच्यासाठी खालून उरमोडीचं पाणी आणत असं सांगतात. त्यांचे तांब्याचे हंडे गडावर आजही बघायला मिळतात. आपल्याला नदीपर्यंत उतरायचं नाही, गाडीतळापासून जार वर आणायचे आहेत, इतकंच!

सुरुवात दोन रांजण आणि एका ओगराळ्यावर (पाणी वाढायच्या पळीवर) झाली. रांजण परळीच्या कुंभारकाकांचे. पैसे विचारले तर रागावले. साताऱ्यातले एक किराणावाले दरवर्षी गूळ पाठवतात. पावतीवर नाव घालू देत नाहीत, म्हणून इथेही घालत नाही. मुंबईत गिरणीत जन्म काढून गावी परतलेले आपले आजोबा, हयात होते तोवर पेन्शनमधून पैसे द्यायचे आणि वर स्वतः बसून पाणी वाढायचे. "आधी म्हाताऱ्यांना, मग फोटोवाल्यांना," हा त्यांचाच नियम. त्यांची खुर्ची अजून तिथेच मांडतो.

गडावरच्या धाब्याच्या मारुतीकडची सफाईही आपलीच. तिथून खाली उरमोडी धरणाचं पाणी आणि सगळं खोरं दिसतं, लोक तासन् तास उभे राहतात. नंतर रिकामी बाटली कड्यावरून भिरकावतात. गेल्या वर्षी काठीला आकडी बांधून झुडपांत अडकलेल्या बाटल्या ओढल्या, तर एकीत चक्क अंगारा भरून ठेवलेला. काय म्हणावं!

आता मनातलं. गेल्या वर्षी ग्रुपवर 61 अंगठे आले, सफाईला माणसं आली 7. त्यातली दोन माझ्या घरची. पाचव्या दिवशी पाणी संपलं तेव्हा एक आजी पायरीवर बसून म्हणाल्या, "असू दे बाळा, तुम्ही तरी काय करणार." ते बोलणं अजून डोक्यातून जात नाही. कुणावर राग नाही, पण वाईट वाटतं.

तर, थोडक्यात: एका दिवसाचं पाणी व ताक 2,500 रु., पूर्ण दिवस किंवा अर्धा घेता येईल, पावती मिळेल. गूळ, लिंबं, पोती, हातमोजे चालतील. प्लॅस्टिकचे ग्लास नकोत. रोज 6 जण हवेत, सकाळी 7 ते 11 व 11 ते 3. सफाई उत्सवाआधीच्या रविवारी, सकाळी 7 वा. गाडीतळावर. कठड्यापलीकडे कुणी उतरायचं नाही. नावं पौष अमावास्येपर्यंत माझ्याकडे किंवा खजिनदारांकडे.

आपला,
सचिव

ता. क. : पितळी ओगराळं गेल्या वर्षी कुणाच्या तरी सामानातून घरी गेलंय. विचारणार नाही, गुपचूप आणून रांजणावर ठेवा.