काका, हा १४ कुठल्या गावचा?

नौपाडा, ठाणे

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

पंखा पाचवर आहे, तरी घाम काही थांबत नाही, आणि मी लाकडं जाळून घर उबदार ठेवणाऱ्या शेगडीबद्दल पत्र लिहायला बसले आहे. हे म्हणाले, "उकाड्यानं डोकं फिरलंय का?" पण फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "बरं, ठेवतो, कुकर झालाय" म्हणून सुटका करून घेता. तीनदा झालं. इतक्या वेळा कुकर कुणाकडे होत नाही, काका. म्हणून हे जाहीर पत्र. शिवाय डोंगरात दुसरं घर बांधणारे ठाणेकर काही कमी नाहीत, आणि जो घोळ आम्ही घातला तो त्यांनीही घालायलाच हवा असं नाही.

पाचगणीजवळच्या घराचा हॉल आम्ही हौसेनं एकच ठेवला. बैठक, जेवणाचं टेबल, ओटा, मध्ये एकही भिंत नाही. ३२ फूट बाय २२ फूट, वर उतरती कौलं, एका टोकाला १० फूट उंची तर दुसऱ्या टोकाला १८, आणि त्यात अर्धा माळा. अशा घरात भिंतीतली उघडी फायरप्लेस हवीच, असं मी धरून बसले होते. गवंड्याकडून ४ फूट रुंद, ३ फूट उंच कमान बांधून घेतली, वर ८ इंची पाइप चढवला. दिवाळीत पहिल्यांदा पेटवली आणि दहा मिनिटांत सगळे पाहुणे अंगणात उभे. नणंदेचं नवीन पातळ धुराच्या वासानं भरलं, ते वेगळंच.

उपवन तलावाकाठी फिरताना मी ही रडकथा सांगितली, तेव्हा तुम्ही हसला नाहीत. बाकावर बसून माझ्याच पावतीमागे आकडे मांडलेत. ४८ इंच गुणिले ३६ इंच, कमानीचं तोंड १७२८ चौरस इंच. धुराड्याचं भोक त्याच्या दहाव्या हिश्शाएवढं तरी हवं, म्हणजे १७३. आमचा ८ इंची गोल पाइप भरतो जेमतेम ५०. "सकाळी ठाणे स्टेशनला फलाट भरून माणसं आणि एकच जिना उघडा. धूर करणार काय? मागे फिरणार." बॉयलर अटेंडंटचं फर्स्ट क्लास सर्टिफिकेट आणि ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यातली तीस वर्षं, हे मला त्या दिवशी कळलं. तोपर्यंत तुम्ही माझ्या लेखी रोज शेंगदाणे वाटणारे काका होतात.

मी विचारलं, मग पाइप मोठा करू? तुम्ही म्हणालात, करा, धूर जाईल, पण ऊबही त्याच वाटेनं जाईल. उघड्या चुलीत लाकडाची ८० ते ९० टक्के उष्णता धुराड्यातून बाहेर पडते. वर ती खोलीतली गरम हवा ओढून नेते, आणि तिच्या जागी दाराखिडक्यांच्या फटींतून गार हवा आत येते. मोकळ्या मोठ्या घरात तर जास्तच. तोंड भाजतं, पाठ कुडकुडते. हे शेवटचं वाक्य मी अनुभवानं कबूल केलं. काचेच्या दाराची बंद शेगडी मात्र ७५ टक्क्यांच्या आसपास उष्णता घरात ठेवते. माझ्या डोळ्यांसमोरची सिनेमातली फायरप्लेस त्या बाकावरच विझली.

मग मी दुकान गाठलं. दुकानदारानं घराचं क्षेत्रफळ विचारलं, "एवढा ओपन हॉल? २० किलोवॅटचीच घ्या, मोठी असलेली बरी" म्हणाला आणि कोटेशन हातात दिलं. कोटेशन तुम्हाला दाखवलं आणि तुमचा चेहरा गंभीर झाला. आधी वाटलं आकडा चुकला. तुम्ही हिशेब केलात तर तोच आला! हॉल सुमारे २८० घनमीटर, दर १४ घनमीटरला एक किलोवॅट, म्हणजे भागिले १४, बरोबर २० किलोवॅट. मी म्हणाले, मग काय बिघडलं? तेव्हा तुम्ही विचारलंत, "पण हा १४ कुठल्या गावचा?"

हा प्रश्न मी त्यानंतर किती जणांना ऐकवला असेल! १४ ने भागायचा ठोकताळा विलायतेतला. बाहेर उणे १, आत २१, म्हणजे २२ अंशांचा फरक धरून केलेला. आमच्याकडे जानेवारीतल्या रात्री बाहेर १० धरा, आत २० हवेत. फरक १०. म्हणजे २० चे झाले ९. आणि तेही छत बऱ्यापैकी बंद असेल तर. आमची कौलं उघडी, खाली फळ्या नाहीत. तशा घराला १४ ने नाही, १० ने भागायचं, मग उत्तर १३ च्या घरात जातं. "जास्तीच्या चार किलोवॅटची शेगडी घ्यायची की तेवढ्या पैशात कौलांखाली फळ्या मारायच्या, तुम्ही ठरवा." आम्ही फळ्या मारल्या. शेगडी घेतली ८ ची, बिडाची.

मोठी घेऊन कमी जाळली तर, हा माझा प्रश्न तुम्हाला आवडला नव्हता. दोघांच्या पोह्यांना लग्नाची कढई घेता का, म्हणालात. मोठ्या शेगडीत हॉल अर्ध्या तासात तापतो, मग माणूस हवेची झडप बंद करतो, लाकूड जळायच्या ऐवजी धुमसतं. त्या धुरातला डांबरासारखा चिकट अंश गार धुराड्यात थिजतो, थरावर थर चढतात आणि एखाद्या रात्री धुराडंच पेट घेतं. लहान शेगडी भरपूर हवेवर मोकळी जळते, धुराडं स्वच्छ राहतं. जळणाचाही फरक पडतोच. वाळलेल्या एका किलो लाकडात साधारण ४ युनिट उष्णता धरली आणि त्यातली ७५ टक्के घरात राहते असं मानलं, तर ८ ची शेगडी तासाला पावणेतीन किलो खाते, २० ची पावणेसात.

इथवरचं सगळं कागदावर झालं. खरं ऋण पुढचं आहे. शेगडी बसवायच्या दिवशी तुम्ही आमच्या गाडीतून आलात, पसरणीचा घाट चढताना "कान बंद झाले" एवढंच बोललात, आणि पोचल्यावर चहाही न घेता उदबत्ती मागितलीत. आमच्या मातोश्रींना वाटलं वास्तूची पूजा. तुम्ही उदबत्ती घेऊन खिडक्यांच्या चौकटीपाशी, माळ्याच्या कठड्यापाशी फिरत होतात. धूर कुठे वाकतो, कुठे सरळ वर जातो, ते बघत होतात. माळ्यापाशी तो भराभर वर गेला. म्हणून त्या उघड्या बाजूला जाड पडदा, आणि छताला पंखा अगदी मंद, म्हणजे वर साचलेली ऊब खाली येईल. आमच्याच कमानीत, पण दोन वीत पुढे ओढून, खाली फरशी घालून शेगडी बसवली. आधीच्या ८ इंची पाइपातून ६ इंची नळी नेली, गवंड्याचं काम वाया गेलं नाही. पाइप कौलांवर दीड फूटच होता. जिथून बाहेर पडतो तिथून ३ फूट, आणि १० फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्यापेक्षा २ फूट वर, हा नियम सांगून तुम्ही तो आढ्याच्याही वर चढवून घेतलात.

संध्याकाळी पेटवली. छान जळत होती. मी भजी तळायला घेतली, ओट्यावरची चिमणी सुरू केली आणि दोन मिनिटांत शेगडीच्या फटींतून धूर हॉलमध्ये! माझं धाबं दणाणलं, पुन्हा दिवाळी. तुम्ही शांतपणे ओट्यामागची खिडकी उघडलीत. धूर परत आपल्या वाटेला लागला. विजेची चिमणी घरातली हवा ओढून बाहेर टाकते, तेवढी हवा कुठून तरी आत यायला हवी. दारं-खिडक्या घट्ट असतील तर ती शेगडीच्या धुराड्यातून उलटी येते. भिंती नसलेल्या हॉलमध्ये दोन चिमण्या एकमेकींशी भांडतात, आणि विजेवरची जिंकते. दुकानदारानं, गवंड्यानं, आर्किटेक्टनं, कुणीही हे सांगितलं नव्हतं. धूर निदान दिसतो, कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि वासही येत नाही, म्हणून तुम्ही त्याचा अलार्म लावायला लावलात. आता तो झोपायच्या खोलीबाहेर आहे, आणि भजी खिडकी उघडून होतात.

जळणाचं तुमचं ऐकलं. आपल्याच आवारातला सिल्व्हर ओक तोडू असं हे म्हणाले होते. २००१ पासून महाबळेश्वर-पाचगणी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, झाडाला हात लावू नका, हे तुम्हीच बजावलंत. वाईकडून बाभळीची फाटी आणली. ओसरीखाली, बाजूंनी वारा खेळेल अशी रचली. दर महिन्याला तोच एक ओंडका वजन करते, वजन उतरायचं थांबलं की वाळला. मातोश्री या वजनाला माझं नवीन व्रत म्हणतात.

मेहनतान्याचं पाकीट तुम्ही परत केलंत ते हसतखेळत नव्हे, चांगलं रागावून. गाडीत ठेवलेला स्ट्रॉबेरीचा खोका तेवढा घेतलात, त्यातलाही अर्धा सोसायटीच्या वॉचमनला दिलात, असं ऐकते.

तुमचा करडा मफलर अजून तिथे खुंटीवर आहे. आणि एक विचारायचं होतं. काचेच्या डाव्या कोपऱ्यात तेवढी काजळी धरते, उजवी बाजू लख्ख असते. हे म्हणतात शेगडीच्या दाराच्या कडेची, फट बंद करणारी दोरी सैल झाली, मी म्हणते ओंडका काचेला टेकतो. फोन करते आहे. आभाराचा शब्द काढणार नाही, काजळीचंच बोलू.

तुमची,
उपवनच्या दुसऱ्या बाकावरची