आई-बाबा, साताऱ्याचा विचार करा

ती. बाबा आणि ती. आई,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय निघाला की बाबा गप्प होतात आणि आई जेवलीस का विचारते, म्हणून सगळं नीट लिहून पाठवते आहे. सावकाश वाचा, दोघांनी मिळून वाचा आणि मग काय ते बोला.

सोसायटीने रिडेव्हलपमेंटचा ठराव केला आहे. करारनामा झाला की घर रिकामं करावं लागणार आणि नवी इमारत उभी राहीपर्यंत तीनेक वर्षं तुम्हाला दुसरीकडे राहायचं आहे. बाबा डोंबिवलीतच भाड्याची जागा शोधताहेत हे दादाकडून कळलं. इकडे आमचंही पुण्यातून निघायचं नक्की झालं आहे. ऑफिसला मला आठवड्यातून एखादा दिवसच जावं लागतं, बाकी काम घरून. मग ही तीन वर्षं तुम्ही साताऱ्याला आमच्याच इमारतीत, पहिल्या मजल्यावर राहायला यावं असं आम्हा दोघांना मनापासून वाटतं. डोंबिवलीचं घर विकायचं नाही. ते तुमचं आहे आणि तुमचंच राहील. भाडं तर बिल्डर देणारच आहे, आणि त्या पैशात डोंबिवलीत जेवढी जागा मिळेल त्याहून मोठी, हवेशीर जागा इथे मिळते.

साताराच का, हे बाबा विचारणारच. गावं आम्ही बरीच बघितली. चिपळूण आईला आवडलं असतं, पण जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हाची तिथली अवस्था आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितली आहे. कोल्हापूरचं खाणं, माणसं, सगळं उत्तम. मात्र परवडणाऱ्या भागात चौकशी करताना २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं हे आधी विचारावं लागतं. नाशिक आता स्वस्त राहिलेलं नाही. वाईवर माझा फार जीव जडला होता. कृष्णेचे घाट, जुने वाडे, विश्वकोशाचं कार्यालय. बाबा तिथे रमले असते. पण जरा मोठं दुखणं निघालं की वाईची माणसंही साताऱ्यालाच येतात. मग रात्री दोन वाजता पस्तीस किलोमीटर गाडी हाकण्यापेक्षा आधीच साताऱ्यात असलेलं बरं.

घराची किंमत कमी म्हणजे गाव स्वस्त, असं मला वाटत नाही. हायवेच्या पलीकडे एका एजंटाने आम्हाला गुंठ्याचे प्लॉट दाखवले. भाव ऐकून कोणीही हो म्हणेल. पण जमीन बिगरशेती नाही, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं एकत्र, बँक तिथे कर्जाला उभी राहत नाही. आणि हे सगळं ठीक असतं तरी दूध आणायला स्कूटर काढावी लागली असती. म्हणजे बाबांना प्रत्येक गोष्टीसाठी आमच्याकडे बघत बसायला लागलं असतं. रोज कुणाला तरी ‘मला जरा सोडतोस का’ म्हणावं लागणं तुम्हाला सोसणार नाही. बाबा, मला ते ठाऊक आहे. म्हणून मी गाव निवडताना आणि घर निवडतानाही एकच बघितलं: तुम्ही दोघं आमच्याशिवाय, पायी, काय काय करू शकाल?

सातारा अजिंक्यताऱ्याच्या उत्तर उतारावर वसलेलं आहे. त्यामुळे किल्ल्याला समांतर जाणारे रस्ते बरेचसे सपाट आणि किल्ल्याकडे चढणारे गल्लीबोळ चांगलेच दम काढणारे. माची पेठेत एक सुंदर घर होतं, गॅलरीतून अख्खं शहर दिसायचं. मी आईच्या चालीने खालच्या रस्त्यापासून तिथवर चालत गेले. मध्येमध्ये थांबत गेले, हातात मुद्दाम भाजीची जड पिशवी घेतली होती. अर्ध्या चढावर ठरवलं की हे घर नको. आईचा उजवा गुडघा उतरताना जास्त दुखतो आणि तिथे परतीचा सगळा रस्ता उताराचा. आत्ता जे घर बघितलं आहे ते सदर बझारच्या बाजूला आहे. रस्ता सपाट, पदपथ जिथे आहे तिथे बरा आहे, सगळीकडे नाही. कोपऱ्यावर सकाळी भाजीवाल्या बसतात, त्यांच्याकडे गावातलीच कोवळी मेथी असते. औषधाचं दुकान, पिठाची गिरणी, बँक सगळं रस्ता न ओलांडता. जिल्हा रुग्णालय जवळ आहे. राजवाड्याला जायला शहर बस आणि रिक्षा दोन्ही मिळतात.

पाण्याचं मी खोदून खोदून विचारलं, कारण इथे प्रत्येक भागाचं पाणी वेगळं. गावाचा जुना भाग कासच्या तलावावर आहे. तो तलाव पश्चिमेला उंच पठारावर असल्यामुळे पाणी उताराने आपोआप खाली येतं, उपसायला वीज लागत नाही. दुसरीकडे उरमोडी धरणाचं किंवा सरकारी जीवन प्राधिकरणाचं पाणी आहे, ते पंपाने चढवतात, म्हणजे वीज गेली की नळाची वेळ चुकते. घर बघायला गेलं की इथली माणसं आधी विचारतात, ‘पाणी कुठलं?’ आम्हीही प्रत्येक ठिकाणी तेच विचारलं, आणि मालकाच्या सांगण्यावर न थांबता शेजारच्या बाईंना सकाळी किती वाजता नळ येतो तेही विचारलं. आपल्या इमारतीला दिवसाआड कोरडं पडायची वेळ येत नाही आणि गच्चीवर टाकी मोठी आहे.

बाबांसाठी थोडा हिशेब. आमचं घर आम्ही विकत घेणार आहोत, पण बांधकाम चालू असलेल्या इमारतीत नाही. चालू बांधकामात ४५ लाखांपर्यंतच्या छोट्या घराला १ टक्का जीएसटी आणि त्यापुढच्याला ५ टक्के. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारतीतल्या घराला जीएसटीच नाही. त्यामुळे दाखला हातात बघितल्याशिवाय मी बयाणा देणार नाही. दस्त माझ्या एकटीच्या नावावर करतोय, कारण महिलेच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे. ४४ लाखांवर ४४ हजार वाचतात. नोंदणी फी जास्तीत जास्त ३० हजार. महारेराच्या संकेतस्थळावर इमारतीची नोंद आणि बिल्डरने दिलेली कागदपत्रं बघून झाली आहेत. बँकेच्या वकिलाचा सर्च रिपोर्ट आला की तुम्हाला पाठवते. तुम्ही आयुष्यभर बँकेत कागद तपासलेत, तुमची नजर फिरल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुमच्या घराचं मात्र आधी फक्त भाड्यानेच बघितलं आहे, आणि अकरा महिन्यांचाच करार करू. जूनच्या आधी यावं असं मी मुद्दाम म्हणते. डिसेंबरात साताऱ्यावर कोणाचाही जीव बसेल. समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंची, कोरडी हवा, ऊन कोवळं. गाव खरं कळतं ते जुलैत. पाऊस डोंबिवलीइतका नाही, पण भुरभुर दिवस दिवस थांबत नाही, कपडे वाळत नाहीत, ओल धरते. बाबांच्या छातीला ते मानवतं का, हे बघूनच पुढचं ठरवू. नाही मानवलं तर मी एका शब्दाने आग्रह करणार नाही, तुम्हाला डोंबिवलीत जागा मी स्वतः शोधून देईन.

कमतरता आहेत, त्या लपवत नाही. हृदयाचं किंवा मेंदूचं काही गंभीर निघालं तर कराड किंवा पुणे गाठावं लागतं, आणि पुण्याच्या रस्त्यावर खंबाटकी घाट आहे. शिकलेल्या मुलांना इथे नोकऱ्या कमी, म्हणून घराघरातली तरुण पोरं पुण्याला असतात. पोवई नाक्यावर संध्याकाळी गर्दी होते. ऑगस्टच्या अखेरीपासून कासला फुलं आली की शनिवार-रविवारी यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग लागते. आपण बुधवारी जाऊ.

येण्याजाण्याचं सोपं आहे. बाबांना पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट आहे, आईला अर्धं तिकीट. स्वारगेटवरून विनाथांबा गाड्या दिवसभर सुटतात, अंतर ११० किलोमीटरच्या आसपास. रेल्वेने यायचं तर कल्याणला कोयना एक्सप्रेस पकडली की थेट सातारा. ज्येष्ठांची रेल्वे सवलत २०२० पासून बंद आहे ती आहेच. स्टेशन माहुलीला, गावाबाहेर आहे, पण मी घ्यायला येईन. आणखी एक: सत्तरीच्या पुढच्यांना आता आयुष्मानचं कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. तुम्ही दोघांनी अजून काढलेलं नाही. आधार घेऊन या, इथे आले की पहिलं ते काम.

आई, तुला फडके रोड सोडवत नाही, मला कळतं. दिवाळीच्या पहाटे गणपतीला जाऊन तिथे उभं राहणं, पाडव्याची शोभायात्रा, भिशीच्या मैत्रिणी, हे मी कुठून आणणार? पण शाहू कला मंदिरात नाटकं होतात, राजवाड्याजवळ गोल बाग आहे, आणि आमच्या जिन्यात भेटलेल्या दोघी बायकांनी तुला न बघताच विचारलं, ‘आई भजनाला येतील का?’ बाबांसाठी नगर वाचनालय आहे. ‘चार भिंती’ नावाच्या टेकडीवर पहाटे चालायला जाणाऱ्यांत तुमच्या वयाची माणसं पुष्कळ असतात. सज्जनगडावर पायऱ्या आहेत. बाबा जमेल तेवढ्या चढतील, आम्ही सोबत असू. आणि नातीला आजीच्या हातचं रोज मिळेल, हा माझा स्वार्थ आहे हे मी मान्य करते. तुम्ही थकत चाललात आणि मी दर महिन्याला येऊन दोन दिवस राहून परत निघते, हे मला आता सहन होत नाही.

घरमालक महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार आहेत. त्याआधी चार दिवस येऊन जा. घर बघा, नळ सोडून बघा, आई जिना चढून बघ, लिफ्ट असली तरी. बाबा, येताना गुडघ्याचे एक्स-रे, तुमच्या छातीची जुनी फाइल आणि सोसायटीच्या ठरावाची प्रत आणा. कोयनेचं तिकीट मी काढते, फक्त तारीख कळवा.

तुमची,
धाकटी