बाबा, नुसतं चालून मांड्या भरत नाहीत

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर बाबा एका वाक्यात विषय मिटवतात, "मी रोज घाटापर्यंत चालत जातो, अजून काय करू?" म्हणून हे पत्र. आई मोठ्यानं वाचेल, म्हणजे मध्येच फोन ठेवायची सोय नाही.

चालणं चालूच ठेवा. हृदयाला, दमाला ते चांगलंच. पण सपाट रस्त्यावर रोज तेवढंच चाललं, की मांड्यांना जे आधीच जमतंय तेच पुन्हा करावं लागतं. सवयीपेक्षा थोडा जास्त भार पडला नाही, तर बळकट व्हायचं स्नायूला कारणच उरत नाही. बाबा, हे मी तुम्हाला सांगायला नको. तुम्ही तालमीत जायचात तेव्हा वस्तादांनी पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारायला लावल्या नसतील, आणि वर्षभर दहावर थांबूही दिलं नसेल.

साधारण तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी व्हायला लागतात, साठीनंतर जरा वेगानं. ताकद तर त्याहून लवकर उतरते. त्यातही आधी बारीक होतात ते झटकन आकुंचन पावणारे तंतू. ठेच लागल्यावर तोल सावरायला, जमिनीवरून उठायला तेच लागतात, आणि संथ चालण्यात त्यांना फारसं काम पडत नाही. आई, खालच्या कप्प्यातला डबा काढून उठताना तू ओट्याला धरतेस आणि गुडघ्याला दोष देतेस. गुडघ्याची झीज खोटी नाही, पण मांडीचा पुढचा स्नायू अशक्त असला की तोच गुडघा जास्त दुखतो. आणि "दिवसभर घरातच व्यायाम होतो" हे मला कधीच पटलेलं नाही. त्यानं दमणूक होते, ताकद वाढत नाही.

आता या वयात काय, असंही म्हणू नका. १९९० साली बॉस्टनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वृद्धांच्या निवासातली, सरासरी वय ९० असलेली माणसं, आणि ८ आठवडे मांड्यांसाठी चांगल्या वजनाचा व्यायाम. त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी अडीचपटीहून जास्त झाली. एवढ्या थोड्या दिवसांत स्नायू काही तितके फुगत नाहीत. सुरुवातीची बरीचशी वाढ मेंदू आणि नसांची असते. असलेल्या तंतूंपैकी जास्त तंतू एकदम कामाला लावायला शरीर शिकतं. व्यायाम सोडल्यावर त्यांची ताकद पुन्हा घसरली, हेही खरं. पंधरा दिवस उत्साहानं करून सोडायचं असेल तर नका करू.

करायचं काय? हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घेऊन उठा, मग तीन मोजत सावकाश बसा. धपकन बसायचं नाही. खाली येतानाही मांडीला काम पडतं, ते वाया का घालवायचं? असं आठ-दहा वेळा, दोन मिनिटं थांबून पुन्हा एकदा. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. ते सोपे वाटायला लागले की छातीशी दोन किलोची पिशवी धरा. आईनं सुरुवातीला हात टेकले तरी चालेल. सोबत भिंतीवर हात ठेवून जोर, आणि ओट्याला धरून टाचा उचलणं. आठवड्यातून दोन-तीनदाच, मध्ये एक दिवस सोडून, कारण स्नायू भरतो तो विश्रांतीत. मोठ्यानं मोजा, म्हणजे श्वास रोखला जाणार नाही. जोर लावताना श्वास कोंडला की रक्तदाब एकदम चढतो. दुसऱ्या दिवशी मांड्या ठणकल्या तर घाबरू नका. सांध्यात कळ आली, छातीत दडपण वाटलं, तर मात्र तिथेच थांबा आणि लगेच डॉक्टरांना कळवा.

बाबा, सुरू करण्याआधी डॉक्टरांना साखरेच्या गोळ्यांबद्दल विचारा. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघताही रक्तातली साखर ओढून घेतो. ते चांगलंच आहे, पण गोळी घेतली आणि खाल्लं नाही, तर साखर फार उतरू शकते. आणि तुम्ही चहा पिऊनच घराबाहेर पडता, हे मला माहीत आहे.

कळावे,
तुमची मनू

ता. क. आई, एकादशी सोड असं म्हणत नाही. पण साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नसतातच, खिचडीत जी काही असतात ती शेंगदाण्याच्या कुटाची. त्या दिवशी वाटीभर दही आणि कपभर दूध घे. एरवी वजनाच्या दर किलोला रोज एक ग्रॅम तरी प्रथिनं पोटात जावीत, म्हणजे तुला पंचावन्न-साठ ग्रॅम. मूत्रपिंडाचा त्रास नाही ना, एवढं डॉक्टरांना विचारून घे. वाटीभर वरणातून ती होत नाहीत. मटकीची उसळ सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्यात उरेल तेवढी तू घेतेस, ते आता बंद कर. आधी आपलं ताट वाढून घे.