ट्रकचा डिझेल पंप वाचवणाऱ्या काकांना जाहीर थँक्यू

काका नमस्कार,

नाव लिहू नकोस म्हणालात म्हणून नुसतं काका. फोनवर थँक्यू म्हणलं की तुम्ही "बरं बरं, ऑइल चेक केलंस का" म्हणून विषयच बदलता, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय, आणि दुसरं असं की जुन्या डिझेल ट्रकने ट्रेलर ओढणारे अजून बरेच असतील, त्यांचीही गाडी अशीच चढावर मान टाकत असेल, तर त्यांनाही तुमची पद्धत कळू दे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी दुखणं सांगतो. ट्रक जुना, इनलाइन पंपाचा (म्हणजे दाबाने इंजिनात डिझेल सोडणारा मोठा पंप), सगळं मेकॅनिकल, सेन्सर नाही कॉम्प्युटर नाही, त्यामुळे स्कॅनर लावून कोड बघायचा प्रश्नच नाही. रिकामा कितीही पळवा, तक्रार शून्य. मागे तीन टनाचा ट्रेलर लावला तरी सपाटीवर मस्त. पण लांब चढ लागला की थोड्या वेळाने पिकअप जायचा, मग ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला तरी गाडी लोड घेईना, दोन-चार गचके आणि बंद. बॉनेट उघडून अर्धा तास थांबलं की एका सेल्फमध्ये स्टार्ट. टेम्परेचरचा काटा मधेच, पाणी बरोबर, फॅन बेल्ट टाइट. डिझेल फिल्टर नवा टाकून झाला, फरक शून्य.

ज्याला विचारलं त्याचं उत्तर एकच, गरम झाल्यावर बंद पडते ना, मग पंप गेला. ओव्हरहॉलचा आकडा ऐकल्यावर ट्रकच विकून टाकावा असं वाटायला लागलं होतं. तुम्ही मात्र त्या मेकॅनिकला नावं ठेवली नाहीत हे मला फार आवडलं. म्हणालात, तो उगाच बोलत नाही, पंपाचे एलिमेंट (आतले दाब बनवणारे दट्टे) झिजले की गरम डिझेल पातळ होऊन आतल्या आत गळतं, प्रेशर बनत नाही आणि गाडी गरम असताना स्टार्टच घेत नाही, हे खरंच होतं. फक्त ते तुझ्या गाडीत होतंय का हे अजून कोणी बघितलेलं नाही.

मग तुमचे प्रश्न सुरू. बंद कशी पडते, दिवा मालवल्यासारखी फट्कन की दम लागत लागत? असा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. फट्कन पडत असेल तर स्टॉप सोलेनॉइड (करंटवर डिझेल चालू-बंद करणारा खटका) नाहीतर त्याची वायर बघायची, बंद पडल्या पडल्या टेस्ट लॅम्प लावून सोलेनॉइडला करंट येतोय का एवढंच तपासायचं. दम लागत पडत असेल तर डिझेल नाहीतर हवा. मग दुसरा प्रश्न, दम लागतो तेव्हा धूर कसला? काळा असेल तर डिझेल येतंय पण हवा कमी पडतेय, एअर फिल्टर बघ, टर्बोचे पाइप बघ. धूरच नसेल तर डिझेलच कमी पडतंय. माझ्याकडे धूर नव्हता. म्हणजे गाडीला हात न लावता नुसत्या दोन प्रश्नांत अर्धी गाडी संशयातून बाहेर!

आणि मग ते वाक्य, "पुढच्या वेळी बंद पडली की थंड व्हायची वाट बघू नकोस. हँड प्रायमर मार आणि लगेच सेल्फ दे." (हँड प्रायमर म्हणजे हाताने लाइनमध्ये डिझेल भरायचा छोटा पंप.) मला वाटलं काका मजा करतायत. चढाच्या वर एक रुंद जागा आहे तिथे बाजूला घेतली (घेतली म्हणजे तिथपर्यंत कशीबशी आली), पाठीमागे त्रिकोण ठेवला, चाकं घरंगळू नयेत म्हणून ओट लावली आणि प्रायमर मारायला लागलो. पहिल्यांदा प्रायमर एकदम हलका लागत होता, हाताला काही विरोधच नाही, आणि मग हळूहळू कडक होत गेला. सेल्फ दिला तर स्टार्ट! इंजिन तापलेलं, बॉनेटखाली हात धरवत नव्हता, पंपही तेवढाच गरम, आणि तरी स्टार्ट. झिजलेला पंप असं करत नाही हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे तिथल्या तिथेच पंप संशयातून सुटला.

म्हणजे गरम होणं आणि बंद पडणं एकाच वेळी होत होतं, पण एकामुळे दुसरं होत नव्हतं. दोन्हीचं कारण लोड. हे पटावं म्हणून तुम्ही हिशोब मांडलात तो इथे देतो, कारण मला तो अजून आठवला की भारी वाटतं. तीन टनाचा ट्रेलर 8 टक्के चढावर नेला की ट्रकला साधारण 240 किलोची जास्तीची ओढ लागते, टायरचं घर्षण वेगळंच. ती ओढ डिझेलमधूनच येणार. शंभरेक किलोवॅटचं इंजिन फुल लोडवर तासाला 25 लिटरच्या आसपास पितं, तेच आयडलला एखाद-दीड लिटरवर भागतं. म्हणजे गॅरेजमध्ये उभी करून तासभर चालू ठेवली तर ती बंद पडणारच नाही, आणि नेमकं तसंच सगळे टेस्ट करत होते.

त्यानंतरचं काम थोडक्यात. टाकीचं झाकण बंद पडल्यावर लगेच उघडून बघायला सांगितलंत, आत हवा ओढल्याचा सुस्स आवाज आला असता तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय असं निघालं असतं. आवाज नाही. मग फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) आधी पारदर्शक पाइपचा तुकडा टाकला, चढावर बुडबुडेच बुडबुडे. मी खुश, म्हणलं गाडी एअर घेतेय, क्लिप बदलू, कॉपर वॉशर बदलू. तुम्ही थांबवलंत. सक्शनला, म्हणजे ओढणाऱ्या बाजूला, बुडबुडे दिसले म्हणजे गळतीच असते असं नाही, टाकीच्या बाजूला कुठे पाइप आवळला गेला असेल तर ओढ एवढी वाढते की डिझेलमध्ये विरघळलेली हवाच बाहेर पडायला लागते. हे किती जणांना माहीत असेल कुणास ठाऊक, मला तर अजिबात नव्हतं.

मग कॅनची टेस्ट. वेगळा डिझेलचा कॅन, त्यातून सरळ फीड पंपाला नळी, टाकी आणि टाकीपासूनची सगळी लाइन बाजूला, रिटर्न (उरलेलं डिझेल परत नेणारी नळी) पण कॅनमध्येच. तुमच्या अटी कडक होत्या, कॅन केबिनमध्ये नाही, सायलेन्सरपासून लांब, पट्ट्याने घट्ट बांधलेला, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी, आणि पेट्रोलच्या गाडीत हा प्रकार कोणी स्वप्नातही करायचा नाही. तोच ट्रेलर, तोच चढ, तोच गिअर, आणि गाडी न कुरकुरता वर. बुडबुडा एक नाही. म्हणजे फीड पंप, फिल्टर, मोठा पंप, नोझल सगळे निर्दोष, चोर टाकी ते फीड पंप एवढ्याच अंतरात.

टाकीतली जाळी काढली, थोडा गाळ होता पण बुजलेली नव्हती. लोखंडी लाइन साफ. राहिला चॅसिसवरून इंजिनकडे येणारा रबरी पाइपचा छोटा तुकडा, जेमतेम हातभर, बाहेरून इतका चांगला की त्याच्याकडे कोणी बघितलंच नव्हतं, मीही नाही बघितलं असतं. तुम्ही म्हणालात फुंकून बघ, मग उलटं ओढून बघ. (आधी कापडाने नीट पुसून, आणि तोंड न लावता पंपाने, हेही तुम्हीच सांगितलंत.) इंजिनच्या टोकाकडून हवा मारली तर सर्रकन पलीकडे. त्याच टोकाकडून ओढली, म्हणजे गाडी ओढते तशी, तर पाइप एकदम गप्प. ब्लेडने उभा चिरला तर आतला रबराचा थर एका बाजूने सुटून जिभेसारखा लोंबत होता. हळू ओढलं की ती जीभ बाजूला पडून राहते, जोरात ओढलं की उचलून तोंड बंद करते. इंजिन बंद झालं, ओढ संपली, जीभ परत खाली, म्हणून अर्ध्या तासाने गाडी "बरी" व्हायची. अर्धा तास लागतच नव्हता, पाच मिनिटंही पुरली असती, पण गरम झालीये म्हणून थांबायचं असं सगळ्यांनीच धरलेलं.

डिझेलला चालणारा नवा पाइप, दोन नव्या क्लिप, प्रायमर मारून एअर काढली, झालं. त्यानंतर तोच ट्रेलर घेऊन तो चढ किती वेळा चढलो, एकदाही दम लागलेला नाही. आतून सुटतोय हे बाहेरून बघून कळत नाही म्हणून लाइनमधले बाकीचे जुने रबरी तुकडेही तुमच्या सांगण्यावरून बदलून टाकले, रिटर्नचा धरून.

काका, मला सगळ्यात जास्त पैशांपेक्षा तुमच्या वेळेचं कौतुक आहे. रात्री फोन उचललात, व्हिडिओ पाठवला तर आवाज वाढवून परत ऐकलात, आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट करायला सांगितलीत, दोन नाहीत. "दोन गोष्टी एकदम बदलल्यास तर कशाने बरी झाली ते तुला कळणार नाही" असं म्हणून माझ्या हातातला पाना तुम्ही फोनवरूनच खाली ठेवायला लावत होतात. एवढा संयम माझ्याकडे नाही हे तुम्ही ओळखलंच असेल.

कापलेला पाइप जपून ठेवलाय, दाखवायला घेऊन येतो. आणि एक राहिलंच, तुम्ही चढ उतरल्यावर ट्रेलरच्या चाकांजवळ हात नेऊन बघायला सांगितलं होतंत ना, तर डावं मागचं हब (चाकाचा मधला भाग) बाकीच्यांपेक्षा जास्त तापतंय. ब्रेक धरून राहतोय की बेअरिंग? जॅकवर उचलून चाक हाताने फिरवून बघतो आणि उद्या फोन करतो, चालेल ना?

तुमचाच,
ट्रेलरवाला