विसार देण्याआधी ऑडिट दाखवा

महोदय,
जुना फ्लॅट घेताना लोक वकिलाकडून मालकीहक्क तपासणारा सर्च रिपोर्ट काढतात, पण इमारत मात्र तपासून घेत नाहीत. बँकेचा व्हॅल्युअर मुख्यतः कर्जासाठी किंमत ठरवायला येतो, स्लॅबमधल्या सळ्या गंजल्यात का हे पाहायला नव्हे. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याखाली नव्या घरातील बांधकामाच्या दोषांना ताब्यापासून ५ वर्षे बिल्डर जबाबदार असतो. जुन्या घराला ते कवच नाही. मुंबईत ३० वर्षांवरील इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, बंधनकारक आहे. तो अहवाल सोसायटीने खरेदीदाराला विसारापूर्वीच दाखवावा, अशी सक्ती सहकार खात्याने करावी. ताजा रंग पाहून माणसे जन्माची पुंजी ओततात, हे बघवत नाही. स्वतंत्र इंजिनिअरची फी तर स्टॅम्प ड्युटीपुढे किरकोळच असते.

— एक वाचक, मुलुंड