लेअरच्या अनोळखी माणसांनो, मनापासून थँक्यू

जर्मनीत पूर्व फ्रिसियातल्या लेअर गावी आईबाबांना घेऊन गेलेलो, तिथे ज्यांनी जीव लावला त्यांची नावंही विचारायची राहून गेली म्हणून इथेच आभार मानतोय.

आधी त्या चहावाल्या आजी. बंदराकाठी १७१४ ची तोलघराची इमारत आहे ना, पूर्वी व्यापाऱ्यांचा माल तिथे वजन व्हायचा, त्याच्याच जवळ आम्ही चहा घ्यायला बसलेलो. आजी शेजारच्या टेबलावरून आपणहून उठून आल्या, आईच्या कपात खडीसाखरेचा खडा टाकला, वर गरम चहा ओतला तसा तो तडतड वाजला, मग छोट्या चमच्याने कडेकडेने क्रीम सोडलं आणि आई ढवळायला गेली तर हसत तिचा हात धरला! ढवळायचं नाही, म्हणजे पिताना आधी क्रीम लागतं, मग कडक चहा, शेवटी गोड. तीन कप तरी घ्यायचेच, आणि बास झालं की कपात चमचा ठेवायचा. त्यांच्या चहात मुख्य पत्ती आपल्या आसामची, हे कळल्यावर बाबा जाम खूश.

झुअरहुझेन गावातला कललेला चर्चचा मनोरा बघायला जाताना बस चुकली तर एका जोडप्याने गाडीत घेतलं, पार दारापर्यंत सोडलं. ५.१९ अंश कललाय तो, पिसाच्या मनोऱ्यापेक्षा जास्त, खालचे ओकचे ओंडके कुजले म्हणून.

आणि युमे नदीवर हाताने ओढायची फेरीबोट चालवणारे दादा, आईला हात धरून चढवलंत उतरवलंत, खूप खूप आभार!