उंदरीण सांगते म्हणून

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं. ‘वुडन ओव्हरकोट्स’ या विनोदी ध्वनिमालिकेची चारही पर्वं तू ऐकून संपवलीस, तीही कुरकुर न करता, याचा मला झालेला आनंद तू पुढच्याच ओळीत घालवलास. म्हणे, अंत्यविधीचं दुकान चालवणारा रुडयार्ड फन हा खडूस आणि अप्पलपोटा, त्याच्यासमोर तसंच दुकान थाटणारा एरिक चॅपमन हा गुणी आणि लाघवी, लेखकाने सगळं ढळढळीत मांडून ठेवलंय, मग चाहते मंडळी सुतावरून स्वर्ग कशाला गाठतात? कुणी चॅपमनला आतून पोखरलेला माणूस ठरवतं, कुणी त्या दोघांचं लग्न लावून मोकळं होतं, कुणी रुडयार्डला ऑटिस्टिक म्हणतं, आणि तुझ्या मते हे सगळे रिकामटेकडे.

त्याच रिकामटेकड्यांपैकी एक म्हणून उत्तर लिहितोय. सवडीने वाच.

आधी मला सांग, ढळढळीत मांडलंय ते कुणी? लिहिणारे डेव्हिड के. बार्न्स आणि मंडळी, हे कबूल. पण तुझ्यामाझ्या कानात ते सांगतं कोण? मॅडलिन. फन भावंडांच्या अंत्यविधीच्या दुकानात राहणारी उंदरीण. बेलिंडा लँग यांचा तो संथ, घरंदाज आवाज कानावर पडला की आपण निमूट मान डोलावतो, कारण निवेदक म्हणजे तटस्थ अशी आपली जन्मजात समजूत. पण ही बाई तटस्थ कशी असेल? रुडयार्डवर तिचा जीव आहे. त्याच्याच छपराखाली ती राहते. रस्त्यापलीकडच्या चॅपमनच्या चकचकीत दुकानात तिचं बीळ नाही. म्हणजे आपल्यापर्यंत येणारा प्रत्येक प्रसंग एका पक्षपाती साक्षीदाराच्या जबानीतून येतो, आणि ती जबानी इतकी गोड असते की आपण उलटतपासणी करायला विसरतो.

चाहते ती उलटतपासणी करतात, एवढंच.

आणि गंमत बघ, तिच्यातूनही दोन तट पडतात. एक तट म्हणतो, जीव लावणारी उंदरीणसुद्धा रुडयार्डला इतका कजाग रंगवते, तर प्रत्यक्षात तो याहून वाईट असणार. दुसरा म्हणतो, जीव आहे म्हणूनच ती त्याची टर उडवू शकते. परक्याने उडवली असती तर आपल्याला ती बोचली असती. मी दुसऱ्या तटातला. पण पहिल्या तटाचं म्हणणं खोडून काढता येईल असा पुरावा माझ्याकडे नाही. चारही पर्वं संपली, २०१५ पासून २०२२ पर्यंत, तरी तो नाही.

हा प्रकार ‘वेलकम टू नाइट व्हेल’ या दुसऱ्या ध्वनिमालिकेत आणखी उघड आहे. ती मालिका तू अर्धवट सोडलीस हे मला ठाऊक आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. जोसेफ फिंक आणि जेफ्री क्रॅनर यांनी ती २०१२ मध्ये सुरू केली. अमेरिकेतल्या वाळवंटातलं एक गाव, तिथला सामुदायिक रेडिओ आणि त्यावर बोलणारा सेसिल. आभाळातून मेलेली जनावरं पडोत की गुप्त पोलीस शेजाऱ्याला उचलून नेवोत, याचा सूर हवामानाच्या बातमीचा. या सेसिलला स्टीव्ह कार्ल्सबर्ग नावाच्या माणसाचा भयंकर तिटकारा. जिथे तिथे त्याच्या नावाने खडे फोडतो. बराच काळ स्टीव्हला स्वतःचा आवाजच नव्हता. सेसिलच्या तोंडून येणाऱ्या शिव्या, बस्स, तेवढाच स्टीव्ह. ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांनी तो तिटकारा जसाच्या तसा उचलला. काहींना मात्र तेव्हाच शंका आली की हा माणूस गावात जे चाललंय त्यावर सरळ प्रश्न विचारतोय, आणि सेसिलला नेमकं तेच खुपतंय. पुढे कळलं की स्टीव्ह हा सेसिलच्या बहिणीचा नवरा. मग हॅल लब्लिनच्या आवाजात तो स्वतः बोलू लागला, आणि निघाला कसा? प्रेमळ, थोडा बावळट, कुटुंबावर जीव टाकणारा. आता मागे जाऊन पहिले भाग ऐक. शब्द तेच, पण सेसिलच्या शिव्यांतून आता साल्या-मेव्हण्यांमधलं जुनं भांडण ऐकू येतं.

ध्वनिनाट्यात ज्याच्या हाती माइक, त्याचं खरं. सिनेमात निवेदक खोटं बोलत असला तरी मागे बसलेल्याच्या चेहऱ्यावरून ते कळतं. इथे मागे बसलेलाच दिसत नाही. तो गप्प राहिला की तो नाहीच. म्हणून ज्यांना माइक मिळालेला नाही त्यांचा शोध घेणं हा चाहत्यांचा उद्योग मला रिकामटेकडा वाटत नाही. त्या माध्यमाने दिलेलं ते कामच आहे.

त्याच मालिकेतले इंटर्न घे. रेडिओ केंद्रावरचा इंटर्न मेला, त्याच्या घरच्यांना सेसिलने दोन ओळींत सांत्वन कळवलं, पुढची बातमी. हा तिथला ठरलेला विनोद. काळा विनोद म्हणजे काय हे कुणाला समजावायचं असेल तर एवढा एकच नमुना पुरेसा आहे. पण श्रोत्यांमध्ये स्वतःला सेसिल समजणारे थोडे आणि इंटर्न समजणारे खूप, याचं मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. त्या इंटर्नपैकी डेना जिवंत राहिली, आणि पुढे चक्क गावाची महापौर झाली. विनोदात मरण्यासाठी आलेलं पात्र माणूस होऊन बसलं.

आता चेहऱ्यांबद्दल. तू लिहिलंयस की रुडयार्ड तुला उंच, हडकुळा दिसतो आणि चाहत्यांच्या चित्रांत तो बुटका आणि गोल काढलेला पाहून तुझं डोकं फिरलं. अरे, पण तुझा हडकुळा तरी आला कुठून? फेलिक्स ट्रेंचच्या त्या चिरक्या, घाईच्या आवाजातून तूच तो शिवलास. सेसिलचं तर याहून भारी. लेखकांनी त्याचा चेहरा मुद्दाम मोकळा ठेवला, आणि चाहत्यांनी त्याला कपाळावर तिसरा डोळा, हातभर हलणारे गोंदण, पांढरे केस असं काय काय देऊन टाकलं. इतकं, की नव्या माणसाला वाटावं हे सगळं मालिकेतच सांगितलंय. कार्लोस या शास्त्रज्ञाच्या बाबतीत मात्र प्रकरण गमतीचं राहिलं नाही. सेसिल त्याच्या केसांवर लट्टू आहे, हे सगळ्यांना पाठ. पण तो लॅटिनो आहे हे विसरून काही जण त्याला सरळ गोरा काढू लागले, आणि इतरांनी त्यांना फैलावर घेतलं. मला वाटतं, योग्यच केलं. पुढे निर्मात्यांनीही त्याच दिशेने पाऊल टाकलं. सुरुवातीला हा आवाज क्रॅनर स्वतः देत होते, पण गोऱ्या माणसाने तो देऊ नये असं त्यांचंच मत झालं आणि भूमिका डिलन मॅरनकडे गेली. कल्पनेला मोकळं रान असतं, पण त्या रानात कुणाचं तरी घरही असतं, ते तुडवायचं नसतं.

(जाता जाता एक: १९७८ मध्ये बीबीसी रेडिओवर ‘हिचहायकर्स गाइड’ हे अंतराळातलं विनोदी नाटक आलं तेव्हा त्यातल्या झेफॉड या पात्राला दोन डोकी आहेत असं एका वाक्यात उडवून दिलं होतं. रेडिओवर एक वाक्य, खर्च शून्य. १९८१ मध्ये दूरचित्रवाणीवर आणताना मार्क विंग-डेव्हीच्या खांद्यावर यांत्रिक डोकं बसवावं लागलं, आणि ते कसं दिसलं ते विचारू नकोस.)

त्याच नाटकातला मार्विन तुला आठवतोय ना? कायम खचलेला यंत्रमानव, स्टीफन मूरच्या रडक्या आवाजातला. माझ्या मते आजच्या सगळ्या वादाचं मूळ त्याच्यापाशी आहे. मार्विन म्हणतो आयुष्य नकोसं झालंय, आणि आपण हसतो. बरोबरचे प्रवासी त्याच्याकडे दुर्लक्ष करतात, आपण आणखी हसतो. मग कुणीतरी ऐकणारा, ज्याने ते नकोसेपण स्वतः भोगलंय, तो हसता हसता थांबतो आणि म्हणतो, थांबा, याला खरंच दुखतंय. तो चुकीचं ऐकतोय का? संवाद तेच. आवाज तोच. काळ्या विनोदात चेष्टा आणि जखम एकाच वाक्यात राहतात, आणि चेहरा दिसत नसल्याने कोणतं खरं ते अभिनेता शेवटपर्यंत झाकून ठेवू शकतो.

म्हणून रुडयार्डला ऑटिस्टिक म्हणणाऱ्यांवर तू जो घसरलास ते मला पटलं नाही. एखादा श्रोता स्वतः तसा आहे आणि तो म्हणतो, ‘समोरच्याचा सूर न कळणं, आपल्या ठरल्या पद्धतीला घट्ट धरून बसणं, गर्दीत घुसमटणं, हे माझं आहे,’ तर तो रोगनिदान करत नाही. तो ओळख देतोय. ती नाकारणारे तू-मी कोण?

पण याच्या पुढचं पाऊल मला खटकतं, आणि तिथे मी तुझ्या बाजूला सरकतो. ओळख पटली की प्रेम बसतं, प्रेम बसलं की धुणं सुरू होतं. रुडयार्डचा हेवा धुऊन निघतो, त्याची क्षुद्रता धुऊन निघते, त्याने चॅपमनविरुद्ध केलेले डाव ‘बिचाऱ्याला कळलं नाही’ या खात्यात जमा होतात. कळलं नाही कसलं! त्याला पक्कं कळत होतं. प्रेत वेळेवर पेटीत आणि पेटी वेळेवर जमिनीत, याहून पुढे ज्याची माणुसकी जात नाही, असा माणूस आपल्याला सात वर्षं हवाहवासा वाटत राहिला, हीच तर त्या लिहिणाऱ्यांची करामत. त्याला सालस करून टाकलं तर उरतं काय? एक दुःखी मुलगा, ज्याच्यावर अन्याय झाला. असली पात्रं शंभर मिळतात. मनाने इतका कोता असून ज्याच्यासाठी आपण घाबरतो, असा रुडयार्ड एकच.

अँटिगनीचंही तसंच होतं, जरा वेगळ्या बाजूने. तळघरात प्रेतांबरोबर आयुष्य काढलेली, माणसांत आली की बावचळणारी त्याची जुळी बहीण. तिला गोड, लाजरी, मांजर कुरवाळणारी करून टाकण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. बेथ आयरचा आवाज नीट ऐक: त्या लाजेखाली केवढा राग आहे! केवढा अहंकार आहे! आपल्या कामात आपण थोर कलावंत आहोत आणि जगाला त्याची कदर नाही, हे तिला पुरतं ठाऊक आहे. मला तर ती भावापेक्षा भयानक वाटते, आणि म्हणून अधिक आवडते.

फन भावंडांच्या हाताखाली काम करणाऱ्या जॉर्जीवर मात्र सिद्धान्त मांडणारे माझ्या पाहण्यात कमीच आले. जे काम सांगाल त्यात ‘मी पटाईत आहे’ म्हणते आणि असतेही. तिच्या बोलण्यात फट नाही, मग बोट घालणार कुठे?

राहिला तो प्रेमाचा मुद्दा, ज्यावर तू सर्वांत जास्त शाई खर्च केलीस. दोन प्रतिस्पर्धी दिसले की त्यांचं जमवायचं, ही चाहत्यांची सवय आहेच, त्याचं मी समर्थन करणार नाही. बऱ्याचदा ते आळशी वाचन असतं. पण इथे मला ते आळशी वाटत नाही, आणि का ते सांगतो. ही सगळी मंडळी राहतात त्या पिफ्लिंग बेटावरच्या झाडून सगळ्यांना चॅपमन आवडतो. मनापासून. त्याला नावडता म्हणणारा आख्ख्या बेटावर रुडयार्ड. आणि चॅपमन पुन्हा पुन्हा जातो कुणाकडे? मैत्रीचा हात कुणापुढे करतो? ज्याच्याकडून अपमानाखेरीज काही मिळणार नाही त्याच्याकडे. नुसता चांगुलपणा म्हणशील, तर चांगल्या माणसाला तिसऱ्या-चौथ्या अपमानानंतर दुसरी कामं असतात. टॉम क्रॉलीचा तो मधाळ आवाज फक्त रुडयार्डशी बोलताना जरा सैल होतो, जरा खरा होतो, असं मला वाटतं. काहींना त्यात प्रेम ऐकू येतं. मला त्यात असा माणूस ऐकू येतो, ज्याला सगळ्यांनी पसंत केलंय आणि म्हणून कुणीच ओळखलेलं नाही. रुडयार्ड निदान त्याच्याकडे संशयाने का होईना, नीट बघतो तरी. या दोन वाचनांत अंतर किती, ते तूच ठरव. मला फारसं वाटत नाही.

तेव्हा आता एक कर. पहिलं पर्व पुन्हा लाव, पण या वेळी मॅडलिनचं काही ऐकू नकोस, म्हणजे ऐक, पण विश्वास ठेवू नकोस. फक्त चॅपमन. तो एकट्या रुडयार्डशी बोलतो ते प्रसंग आणि चारचौघांत बोलतो ते प्रसंग आलटून पालटून ऐक. फरक जाणवला नाही तर तसं लिही, मी पुन्हा त्याचं नाव काढणार नाही. जाणवला तर मात्र त्या रिकामटेकड्यांबद्दल लिहिलेली ओळ मागे घ्यावी लागेल, लेखी.

उत्तराची वाट बघतोय. नाइट व्हेलही पुन्हा सुरू कर, निदान स्टीव्ह तोंड उघडेपर्यंत.

तुझाच,
एक रिकामटेकडा